खोक्यात नसलेला कागद

दीड-दोन हजारांच्या डूमचं खोकं उघडलं की आतून साधारण सारखाच ऐवज निघतो. एक वाकवलेली काच किंवा फायबरचं नाक, दोन चपट्या पट्ट्या आणि नट-बोल्टची एक पुडी. कसं बसवायचं हे सांगणारा कागद मात्र नसतो. असलाच तर त्यावर एक गाडी छापलेली असते आणि ती आपली नसते. पुस्तकात याला फेअरिंग म्हणतात, दुकानात डूम, वायझर नाहीतर मास्क, आणि पाटणच्या स्टँडसमोर कुणी विचारलं तर ‘गाडीला काच बसवलीय’ एवढ्यावर भागतं. तो न आलेला कागद मी इथे लिहायला घेतला आहे. माझ्या साडेतीनशे सीसीच्या, गोल दिव्याच्या गाडीवर आजवर तीन काचा चढल्या आणि त्यातल्या दोन उतरल्या. त्यामुळे कागद जरा लांबणार.

पाटण ते सांगली हा माझा नेमाचा रस्ता. मल्हारपेठ, कराड, पेठ नाका, आष्टा, शंभरेक किलोमीटर. कराडपर्यंत काचेची तशी गरज नाही. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असतात, पन्नासच्या वर काटा जातच नाही. खरी परीक्षा महामार्गाला लागल्यावर सुरू होते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की दाब चौपट. ताठ बसणाऱ्या माणसाच्या छाती-खांद्यांवर ताशी ४० किलोमीटरला साधारण ३ किलोचा रेटा असतो, ६० ला तो ७ किलोच्या घरात जातो, ८० ला १२ आणि शंभरीला १९ च्या आसपास. म्हणजे पेठ नाक्यापर्यंत तुम्ही दोन्ही हातांनी हँडल धरलेलं नसतं, हँडलाला लोंबकळत असता. संध्याकाळी मनगटं आणि मान दुखते ती यामुळे. काच हा रेटा छातीवरून काढून घेते. एवढंच तिचं काम. मायलेज वाढेल म्हणून घेऊ नका, पावसात कोरडे राहाल म्हणून तर अजिबात घेऊ नका. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तिथे दीड फुटाच्या काचेचा काय पाड!

काच निवडण्याआधी एकदा सडावाघापूरला जाऊन या, असं मी सांगतो तेव्हा लोकांना गंमत वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला उलटा धबधबा बघायला निम्मा जिल्हा लोटतो. कड्यावरून खाली पडायला निघालेलं पाणी वारा उचलतो आणि परत पठारावर फेकतो. मोबाइल थोडा वेळ खिशात ठेवा आणि पाणी कुठे पडतंय तेवढं बघा. समोरून आलेला वारा कड्याच्या भिंतीला आपटतो, वर चढतो आणि काठावरून उसळी मारून पुढे जातो. काठाला अगदी लागून उभं राहिलं तर वारा डोक्यावरून जातो. (कुंपणाच्या अलीकडे राहूनच, दरवर्षी हे सांगावं लागतं.) पण थोडं मागे आलात की तेच पाणी सपकन तोंडावर बसतं, आणि सरळ धारेनं नाही, भोवरे होऊन, कधी या कानावर, कधी त्या.

तुमची काच म्हणजे तो कडा, आणि तुमचं हेल्मेट म्हणजे मागे उभा असलेला तो भिजलेला माणूस. काच लावल्यावर छाती शांत झाली पण डोकं गदगदा हलतंय, कानात ढोल वाजतोय, अशी तक्रार निम्मे लोक करतात ती याच भोवऱ्यांची. मग ते आणखी उंच काच आणतात, भोवरा आणखी वर सरकतो आणि आता हेल्मेटच्या ऐवजी मागे बसलेल्या बायकोचं डोकं हलायला लागतं. माझी पहिली काच याच कारणानं उतरली. तक्रार सौंनी केली, आणि ती योग्य होती.

उंचीचा हिशोब गाडी उभी करूनच होतो. खोक्याचाच पुठ्ठा काचेच्या आकारात कापा. गाडी मधल्या स्टँडवरून उतरवून दोन्ही चाकांवर उभी करा, कुणाला तरी धरायला सांगा आणि नेहमीसारखं बसा. बूट, जाकीट, हेल्मेट, सगळं घालून. लांब जाताना मागे माणूस किंवा सामान असेल तर तेही चढवा, कारण मागचे शॉकअप दबले की गाडीचं तोंड वर होतं आणि काचही वर येते. आता पुठ्ठा चिकटपट्टीनं दिव्यापुढे लावा. त्याची वरची कड तुमच्या नाकाच्या शेंड्याच्या किंवा वरच्या ओठाच्या रेषेत आली पाहिजे. समोर पंधरा-वीस मीटरवरचा रस्ता काचेच्या वरून दिसला पाहिजे, काचेतून नाही. काचेतून बघायची सवय लावून घेणाऱ्याला कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की समजतं. हेल्मेटची काच हातमोज्यानं पुसता येते, पण त्यापलीकडची ही दुसरी काच आतून दमट, बाहेरून थेंबाळलेली, आणि त्यात समोरच्या ट्रकचा दिवा फुटून चार दिवे झालेले. खड्डा कुठला, सावली कुठली, काही उमगत नाही. पुठ्ठा फक्त उभ्या गाडीवर, हे वेगळं सांगायला नको. पण सांगून ठेवतो.

काच मागे किती झुकवायची, तर हँडल पूर्ण वळवून बोटं तिला लागणार नाहीत इतपतच. फार आडवी केली की ती वारा अडवत नाही, नुसता वर फेकते. खालची कड आणि दिवा यांत मात्र दोन-तीन बोटांची फट राहू द्या. काचेमागे हवेचा दाब कमी झालेला असतो, म्हणून वरचा भोवरा आत ओढला जातो. खालून थोडी हवा शिरली की तो शांत होतो. ज्यांना हे ठाऊक नसतं ते ती फट रबर लावून बुजवतात आणि मग हेल्मेट बदलतात.

आता वस्तू. स्वस्त मालात तीन-चार जाती आहेत. ॲक्रिलिकची काच स्वच्छ दिसते, लवकर ओरखडत नाही, पण गाडी पडली की तिचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट वाकतं पण सहसा फुटत नाही. ओरखडे मात्र चटकन घेतं. दुकानात दोन्ही दिसायला सारखीच. कोपरा हलक्या हातानं वाकवून बघा, दुकानदार ‘अहो अहो’ म्हणाला तर बहुधा ॲक्रिलिक. तीन मिलिमीटरपेक्षा पातळ काच घेऊ नका, ती वाऱ्यावर फडफडते. समोर धरून डोकं डावी-उजवीकडे हलवा आणि पलीकडचा विजेचा खांब बघा. खांब नागमोडी झाला तर काच परत ठेवा. नाकवाल्या डूममध्ये एबीएस प्लॅस्टिक किंवा फायबर येतं. फायबर म्हणजे काचतंतूंचा कपडा आणि रेझिन. वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती याच घराण्यातली आहेत, आणि कुंभार्ली उतरून गुहागरकडे गेलात तर तिथल्या मासेमारीच्या कितीतरी होड्याही. म्हणून फायबर स्वस्त आहे यावरून त्याला कमी लेखू नका. ते हातानं रचलेलं असतं, त्यामुळे एकाच साच्यातले दोन डूम सारखे नसतात एवढंच. आतल्या बाजूनं टकटक करत बोट फिरवा. आवाज एकसारखा कडक यायला हवा. मध्येच भदभद वाजलं तर तिथे थर सुटलेला आहे. आणि फायबरची डागडुजी होते, हा त्याचा मोठा गुण. होडीवाल्याला किंवा पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याला दाखवलंत तर तो मॅट आणि रेझिन लावून तासाभरात जोडून देतो. एबीएस फुटलं की बहुधा नवंच आणावं लागतं.

पण खरं सांगायचं तर काचेवर मी एवढे शब्द खर्चायला नको होते. काच स्वस्त असली तरी चालते. स्वस्त चालत नाही ती पट्टी.

दुसरी काच उतरली ती मल्हारपेठच्या पुढे. उतरली म्हणजे उडाली. दोन महिने छान होती. त्या दिवशी कराडच्या अलीकडे समोरून ट्रक आला, त्याच्या वाऱ्याचा फटका बसला, टक् असा बारीक आवाज झाला आणि काच माझ्या उजव्या खांद्यावरून मागे गेली. मागे कुणी नव्हतं हे नशीब. रस्त्याकडेला थांबून पट्टीचं उरलेलं थोटूक बघितलं. जिथे ती काटकोनात वाकवलेली होती बरोबर तिथेच तुटली होती. तुटीचा निम्मा भाग काळपट, जुना. निम्मा चकचकीत, ताजा. म्हणजे ती त्या दिवशी तुटली नव्हती, आधीचे कित्येक दिवस थोडी थोडी तुटत होती. ट्रकनं फक्त शेवटचा हात लावला.

ते थोटूक घेऊन मी आमच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्यांनी ते दोन बोटांत धरून वाकवलं आणि म्हणाले, “गुरुजी, ही पट्टी न्हवं, पापड हाय.”

पापड पुरत नाही याचा हिशोब सोपा आहे. दीड फूट बाय सव्वा फुटाच्या काचेवर ताशी ८० ला पाच किलोच्या आसपास रेटा येतो. पाच किलो साखरेची पिशवी पट्टीच्या टोकाला टांगलीत आणि गाडी कराडपर्यंत नेलीत असं समजा. त्यात एका सिलिंडरच्या इंजिनची थरथर मिनिटाला हजारो वेळा. पट्टी वजनानं मोडत नाही, हलून हलून मोडते. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तशी. काटकोनात वाकवलेली जागा, करकरीत धारेचं भोक आणि हातानं ओढलेली खूण, या तीन ठिकाणी तिचा जीव जातो.

म्हणून खोक्यातल्या पट्ट्या नमुना म्हणून ठेवा आणि नव्या करून घ्या. एक इंच रुंद, ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी पुरते. ॲल्युमिनियम हलकं म्हणून मोह होतो, पण थरथरीत ते लोखंडापेक्षा लवकर थकतं. बाक शिकंज्यात धरून हातोड्यानं काटकोनात ठोकू नका. अर्ध्या इंची पाइपाच्या तुकड्यावर घेऊन गोलाईनं काढा. भोकाच्या कडा कानशीनं मोडून घ्या. शेवटी प्रायमर आणि काळा रंग, किंवा पावडर कोटिंग. आमच्याकडच्या पावसात उघडं लोखंड एक हंगाम टिकत नाही. आणि जी पट्टी तीन इंचांपेक्षा लांब बाहेर येते तिला तिरकी टेकू पट्टी हवी, त्रिकोण झाला पाहिजे. कौलारू घराच्या कैच्या बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी तीच उपमा दिली होती. या सगळ्याला काचेच्या किमतीच्या निम्मे पैसे लागले. तिसरी काच अजून गाडीवर आहे.

धरायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. हँडलच्या पाइपाला क्लॅम्प लावणं सर्वांत सोपं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा तो पाइप २२ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे क्लॅम्प कुठेही मिळतात. पण हँडलला लावलेली प्रत्येक वस्तू हँडल वळताना वळवावी लागते आणि तिच्यावर आलेला वारा थेट तुमच्या मनगटात येतो. नुसती किलोभर वजनाची काच असेल तर ठीक. नाकवाला डूम असेल तर त्याचा भार दिव्याच्या कानांवर आणि पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर द्या, हँडलवर नको. त्याहून मोठं काही असेल तर ते चासीलाच हवं. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांनी १९७१ मध्ये ‘विंडजॅमर’ नावाचं जे फेअरिंग आणलं आणि जे तिकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर हजारोंनी चढलं, ते चासीला धरलेलं होतं. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूनं आर १०० आरएस या गाडीला पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच दिलं, ते इटलीतल्या पिनिनफारिनाच्या पवनबोगद्यात घडवलेलं. आपला पवनबोगदा सडावाघापूरला आहे आणि फुकट आहे, तिकडे नंतर जाऊ.

चार ठिकाणी धरा, निदान तीन, आणि ती एका ओळीत नकोत. नुसत्या खालच्या दोन बोल्टवर उभी असलेली काच म्हणजे बिजागरीवरचं दार.

बसवायला सुरुवात करण्याआधी एक काम करा, बहुतेक जण विसरतात. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिवा लावा आणि उजेडाची वरची कड खडूनं भिंतीवर आखा. चाकं कुठे होती तेही जमिनीवर आखा. डूमसाठी दिव्याचे बोल्ट सैल करावे लागतात, आणि परत आवळताना दिवा बोटभर वर राहिला तरी समोरच्याचे डोळे दिपतात. काम झालं की गाडी त्याच खुणांवर आणून उजेड खडूच्या रेषेला लावायचा.

प्लॅस्टिकला भोक पाडताना घाई म्हणजे नुकसान. जागेवर आधी कागदी चिकटपट्टी लावा, त्यावर खूण करा, मागे लाकडाचा तुकडा धरा. ड्रिल हळू फिरवा, आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग वाढवत न्या. ॲक्रिलिकमध्ये नवं धारदार ड्रिल कडेला बाहेर पडताना खाऊन टुचकन कपचा उडवतं. थोडी मोडलेली धार बरी. तापलेल्या सळईनं भोक पाडण्याची गावठी रीत मोहाची आहे, पण त्या भोकाच्या कडेपासून पुढे तडे जातात. फायबरला भोक पाडताना तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. तो भुसा अंगाला दोन दिवस खाजतो आणि छातीत जाणं बरं नाही. भोक बोल्टपेक्षा मोठं हवं: ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ मिलिमीटरचं. मधल्या जागेत रबरी बुश, दोन्ही बाजूंना रबर किंवा नायलॉनचा वायसर. काही नसेल तर सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे. उन्हात प्लॅस्टिक पसरतं, थंडीत आकसतं, त्याला हलायला जागा लागते. लोखंड थेट प्लॅस्टिकला भिडलं की तिथून तडा निघणार म्हणजे निघणारच. निघालाच तर त्याच्या अगदी टोकाशी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, तडा बहुधा तिथेच थांबतो.

नट साधे न घेता नायलॉक घ्या, स्टेनलेसचे. थरथरीनं सुटू नये म्हणून चाकीला लावतात ते निळं औषध लोखंडात उत्तम, पण पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला ते लागलं तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊन आपोआप चिरतं. पेट्रोल आणि थिनर यांचंही तसंच. आवळताना रबर जरा फुगलं की थांबायचं. ‘अजून अर्धा आटा’ हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे, तेवढा या कामापुरता आवरा.

काच चढली. आता चावी लावायच्या आधी हँडल पार डावीकडे आणि पार उजवीकडे फिरवा. टाकी, आरसे, क्लचची दांडी, ब्रेकची नळी, काहीही कशाला टेकता कामा नये. दोन सेंटिमीटर तरी मोकळी जागा पाहिजे. मग पुढचा ब्रेक धरून हँडलवर पूर्ण वजन टाका, शॉकअप दाबा. पुढचं मडगार्ड वर येऊन पट्टीला आपटतंय का बघा. खड्ड्यात ते याहूनही वर येणार आहे. मग गाडी न्यूट्रलवर चालू करून हँडल पुन्हा दोन्हीकडे फिरवा. कुठल्याही बाजूला इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. हे एकच लक्षण दिसलं तरी गाडी बाहेर काढू नका. वळणावर गाडी आपोआप पळायला लागते ती अशी.

डूमच्या आत दिवा बसत असेल तर अंतर बघा. जुन्या हॅलोजन बल्बचे ५५-६० वॅट बरीच उष्णता टाकतात आणि ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास नरम पडतं. दिव्यापुढे प्लॅस्टिकचं झाकण असेल तर पंधरा मिनिटं दिवा चालू ठेवून हात लावून बघा. हॉर्न डूमच्या मागे दडपला गेला असेल तर पुढे आणा. घाटात तोच कामाला येतो. इंडिकेटर बाजूनंही दिसले पाहिजेत.

नंबरप्लेटचं प्रकरण जरा नाजूक. पुढची पाटी झाकली गेली तर चालत नाही, आणि आता एचएसआरपी पाट्या आल्यात. २०१९ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांना त्या मुळातच असतात, जुन्यांनाही लावून घ्याव्या लागताहेत. त्यांचं लॉक एकदाच बसणारं असतं, काढायचं तर तोडावं लागतं आणि परत लागत नाही. म्हणजे ‘पाटी काढून वर लावू’ हा पर्याय गेला. डूम घेतानाच पाटीची जागा बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंडाची, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. बोल्ट काढले की निघून येणारी काच आणि चासी कापून, वेल्डिंग करून बसवलेला डोलारा, यांतला फरक समजून घ्या. चासीला टाका मारू नका. माझा त्याला विरोध कायद्यापेक्षाही चासीसाठी आहे. विम्याचं नूतनीकरण करताना जोडलेली वस्तू कळवून ठेवा.

पहिली फेरी एकट्यानं, सामानाशिवाय, दिवसा. पाटणहून नवारस्त्यापर्यंत जाऊन या, चाळीस-पन्नासच्या वेगानं. थांबा, सगळे बोल्ट बोटांनी हलवून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर साठ, मग ऐंशी. कुठल्याही वेगाला हँडल स्वतःहून डावं-उजवं डोलायला लागलं तर ॲक्सिलरेटर हळू सोडा, ब्रेकवर झडप घालू नका. घरी येऊन आधी कोनसेट तपासा. ढिला असेल तर काचेनं तो उघडा पाडलाय, दोष काचेचा नाही. डोलणं तरीही राहिलं तर काच जड आहे किंवा चुकीच्या जागी धरलीय.

भोवरा कुठे बसतोय ते बघायचं असेल तर काचेच्या वरच्या कडेला आणि हेल्मेटला वीतभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटपट्टीनं लावा आणि मित्राला शेजारच्या गाडीवर मागे बसून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. चालवणारा वेगळा, चित्रण करणारा वेगळा. धागे सरळ मागे उडत असतील तर वारा सरळ जातोय. गरगर फिरत असतील तर भोवरा तिथे आहे. एवढ्यावरून काच बोटभर खाली घ्यायची की मागे झुकवायची ते ठरतं. आमच्या चित्रफितीत हेल्मेटवरचा धागा कोंबडीच्या तुऱ्यासारखा उभा होता. काच दीड इंच खाली घेतली आणि तो आडवा पडला.

सडावाघापूर शेवटी ठेवायचं. सरळ वाऱ्याचा अंदाज महामार्गावर येतो, आडव्या वाऱ्याचा पठारावरच. घाट चढून वर आलात की शेवटच्या वळणानंतर वारा एकदम कुशीत शिरतो. तिथे काच शिडासारखी वागते. हात घट्ट आवळलेत तर तुमचाच ताण गाडीला लागतो, सैल ठेवलेत तर गाडी थोडी कलून स्वतःच सावरते. वेग चाळीसच्या आत ठेवा. पावसाळ्यात इथे पहिल्यांदा काच घेऊन जाऊ नका, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. आणि वर गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करून, पहिल्या गिअरमध्ये. आडवी लावलीत आणि साइड स्टँडच्या बाजूनं झोत आला तर चहा पिऊन येईपर्यंत गाडी झोपलेली असते. वारा दुसऱ्या बाजूनं असला तर उभी राहते, पण तिथे वारा तुम्हाला विचारून बाजू बदलत नाही.

देखभालीत मोठं काही नाही. कोरडं फडकं काचेवर कधीही नको. धुळीचा एकेक कण कानस असतो. पावसाळ्याच्या तोंडावर कृष्णाकाठच्या रस्त्यानं संध्याकाळी आलात तर काचेवर किड्यांचा सडा पडलेला असतो. तो खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं पसरून ठेवा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. घरातल्या खिडक्यांना मारायचा निळा फवारा पॉलिकार्बोनेटला नको, त्यातल्या बऱ्याच फवाऱ्यांत अमोनिया असतो आणि काच धुरकट होते. रात्री मीटरचा उजेड काचेत उलटा दिसून त्रास देत असेल तर मीटरच्या वर काळ्या रबराची दोन बोटांची पट्टी पापणीसारखी लावा.

शंभर किलोमीटर झाले की सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या, कारण नवं रबर दबतं. त्यानंतर दर महिन्याला, आणि पावसाळ्यात घाट करून आलात की त्याच दिवशी. पट्टीच्या बाकावरून नख फिरवा; रंगाला केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची नाही. सीटखाली १० चा पाना, दोन नायलॉक नट, दोन बोल्ट आणि सायकलच्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा एका पुरचुंडीत ठेवा. माझ्या पुरचुंडीत खोक्यातली ती जुनी पट्टीही आहे. आष्ट्याला एकदा मागचं मडगार्ड बांधायला तिचा उपयोग झाला.